दुसऱ्याच्या हातून जुनं पाकीट फोडून घेताना: क्रीडा कार्डांच्या ‘ब्रेक’मध्ये नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

क्रीडा कार्डं म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली, बंद पाकिटांतून विकली जाणारी, गोळा करायची कार्डं. अमेरिकेतल्या फ्लीअर कंपनीच्या १९८६-८७ च्या बास्केटबॉल संचात १३२ कार्डं आहेत आणि एका पाकिटात १२. म्हणजे मायकल जॉर्डनचं ५७ क्रमांकाचं रूकी कार्ड (खेळाडूच्या सुरुवातीच्या काळातलं पहिलं कार्ड) सरासरीनं अकरा पाकिटांमागे एकदा निघतं. आता असंच एक पाकीट अमेरिकेतला एखादा विक्रेता कॅमेऱ्यासमोर फोडणार आहे. त्यानं बारा कार्डांच्या बारा जागा बारा जणांना विकल्यात आणि त्यातली एक तुम्ही घेतलीय. तुमच्या वाट्याला जॉर्डन येण्याची शक्यता १३२ मध्ये एक! हा आकडा कळल्यावरही ज्यांना ते पाकीट उघडताना बघायचंच आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला हा छंद मनापासून आवडतो. चाळीस-पन्नास वर्षं बंद राहिलेलं काहीतरी आपल्या नावानं उघडलं जाणं यात खरोखर मजा आहे. पण या व्यवहारात पैसे आधी जातात, माल दुसऱ्याच्या हातात असतो आणि निकाल नशिबावर असतो. तेव्हा नव्या माणसानं पूर्ण माहिती घेऊनच उतरावं.

व्यवहार थोडक्यात असा. जुनी, न उघडलेली पाकिटं महाग असतात आणि सहज मिळतही नाहीत. ज्याच्याकडे ती आहेत तो त्यांचे वाटे पाडून विकतो, ठरलेल्या वेळी थेट प्रक्षेपण करून पाकीट फोडतो आणि ज्याचं कार्ड त्याला टपालानं पाठवतो. या कार्यक्रमाला ब्रेक म्हणतात, फोडणाऱ्याला ब्रेकर आणि विकत घेतलेल्या वाट्याला स्पॉट. व्हॉटनॉट, ईबे लाइव्ह, फॅनॅटिक्स लाइव्ह अशा ऑनलाइन विक्रीच्या प्लॅटफॉर्मवर आणि ब्रेकरांच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिन्यांवर हे रोज चालतं.

पहिली पायरी: पैसे कशासाठी देताय ते ठरवा

एखादं विशिष्ट कार्डच हवं असेल तर ब्रेककडे फिरकू नका. ते कार्ड सुटं विकत घ्या, शक्यतो ग्रेड केलेलं, म्हणजे कंपनीनं तपासून दर्जाचा आकडा दिलेलं. तेच नेहमी स्वस्त पडतं. ब्रेकमध्ये तुम्ही उघडण्याचा अनुभव आणि एका शक्यतेतला छोटा हिस्सा विकत घेता.

हिशेब करून बघा. समजा, एका पाकिटाचा बाजारभाव १,००० डॉलर आहे आणि ब्रेकरनं बारा स्पॉट प्रत्येकी १०० डॉलरला लावलेत. गोळा झाले १,२०० डॉलर. वरचे २०० डॉलर म्हणजे प्लॅटफॉर्मचं कमिशन, टपालखर्च, ब्रेकरची मेहनत आणि नफा. त्यात गैर काही नाही. त्यानं भांडवल गुंतवलंय, काम केलंय. पण मुळात न फोडलेल्या पाकिटाचा भावच आतल्या कार्डांच्या सरासरी किमतीहून बहुधा वर असतो, कारण बंद पाकिटाला स्वतःची अशी किंमत असते. ती फोडताक्षणी उडून जाते. म्हणजे आधी बंदपणाचे पैसे, त्यावर ब्रेकरचा वाटा. बहुतेक वेळा बहुतेकांच्या हाती दिलेल्या पैशांहून कमी किमतीचं कार्ड पडतं. सिनेमाच्या तिकिटासारखा हा खर्च समजा. तो परत येणार नाही असं धरून जेवढा झेपेल तेवढाच करा.

बाजारभाव काढायला ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ हा फिल्टर लावा. विक्रेते मागतात त्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती बघा. दोन्हींत केवढा फरक असतो ते पहिल्याच शोधात कळेल.

दुसरी पायरी: पाकिटांची ओळख करून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि नेमके इथेच फसतात.

जुन्या पाकिटांचे मुख्य प्रकार चार. वॅक्स पॅक म्हणजे मेणकागदात गुंडाळलेलं पाकीट. कागदाच्या घड्या मागच्या बाजूला उष्णतेनं चिकटवलेल्या असतात आणि आत कार्डांबरोबर च्युइंगगमची गुलाबी पट्टी असते. टॉप्स कंपनीनं बेसबॉलच्या पाकिटांत १९९१ पर्यंत गम घातला. सेलो पॅक पारदर्शक कागदाचं असतं, त्यात वरचं आणि खालचं कार्ड बाहेरूनच दिसतं. रॅक पॅक दुकानात टांगायचं, तीन कप्प्यांचं. त्यातही प्रत्येक कप्प्याचं वरचं-खालचं कार्ड दिसतं. चौथा प्रकार व्हेंडिंग बॉक्स, म्हणजे कार्डविक्रीच्या यंत्रात भरण्यासाठी ५०० कार्डांचा साधा पुठ्ठ्याचा खोका. त्यात गम नसतो, त्यामुळे कार्डं स्वच्छ निघतात. मात्र खोका उघडून पुन्हा भरणं फारच सोपं, म्हणून मूळ मालकाची खात्री नसेल तर व्हेंडिंगपासून मी दूरच राहीन.

सेलो आणि रॅक पॅकमध्ये नामवंत खेळाडू वरच दिसत असेल तर ते पाकीट वेगळ्या, चढ्या भावानं विकलं जातं. साहजिकच ब्रेकरकडे उरलेल्या सेलो पाकिटांत दिसणारी कार्डं साधीच असतात. हे गृहीत धरूनच किंमत तपासा.

आता मालिकांचा मुद्दा. १९७४ च्या आधी टॉप्सची बेसबॉल कार्डं सहसा एकदम बाजारात येत नसत. हंगामभर टप्प्याटप्प्यानं, मालिका पाडून येत. त्यामुळे पाकिटावर साल बरोबर असलं तरी हवं ते कार्ड त्यात असूच शकत नाही, असं होतं. १९५२ च्या टॉप्स संचात ४०७ कार्डं. मिकी मँटलचं प्रसिद्ध कार्ड ३११ क्रमांकाचं आणि शेवटची मालिका नेमकी तिथूनच सुरू होते. या शेवटच्या मालिकेचा न खपलेला माल टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये समुद्रात बुडवला, हा किस्सा या छंदात सगळ्यांना ठाऊक असतो. याच कार्डाची एक उत्कृष्ट प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला विकली गेली. पण ‘१९५२ चं पाकीट, मँटल निघू शकतो!’ अशी जाहिरात दिसली आणि पाकीट पहिल्या मालिकेचं असलं, तर मँटल निघण्याची शक्यता शून्य. टॉम सीव्हरचं १९६७ चं रूकी कार्ड ५८१ क्रमांकाचं, तेही शेवटच्या मालिकेतलं. म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: पाकीट कोणत्या मालिकेचं, त्या मालिकेत कोणते क्रमांक आणि ते कशावरून ठरवलं. चांगला ब्रेकर या प्रश्नानं खूश होतो.

ज्या संचात सगळी कार्डं एकत्र येतात तिथलं गणित सोपं आहे. संचातल्या कार्डांची संख्या भागिले पाकिटातली कार्डं. टॉप्सच्या १९८० च्या बेसबॉल संचात ७२६ कार्डं, वॅक्स पाकिटात १५; म्हणजे रिकी हेंडरसनचं रूकी कार्ड साधारण ४८ पाकिटांत एक. ३६ पाकिटांचा अख्खा खोका फोडला तरी ते निघेलच असं नाही. उलट १९८६-८७ फ्लीअरच्या ३६ पाकिटांच्या खोक्यात सरासरी तीन जॉर्डन असतात. ओ-पी-ची या कॅनडातल्या कंपनीच्या १९७९-८० च्या आइस हॉकी संचात ३९६ कार्डं, पाकिटात १४. वेन ग्रेट्झ्कीचं रूकी कार्ड २८ पाकिटांमागे एक. कॅनडात सस्कॅचवानमध्ये या कार्डांचे १६ खोके असलेली एक न उघडलेली पेटी सापडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ३७.२ लाख डॉलरला गेली. खोक्यात ४८ पाकिटं धरली तर त्यात सुमारे २७ ग्रेट्झ्की असावेत. आणि याच ग्रेट्झ्कीच्या सर्वोच्च ग्रेडच्या एकाच प्रतीचा व्यवहार २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला झाला होता! कार्ड असणं वेगळं आणि ते निर्दोष असणं वेगळं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

हे सगळं सरासरीचं गणित झालं. प्रत्यक्षात कारखान्यातली कार्डं ठरावीक क्रमानं पाकिटांत पडत आणि जाणकारांना काही संचांचे क्रम पाठ असतात. खोक्यातली काही पाकिटं फोडून झाली की उरलेल्यांत काय असावं याचा अंदाज त्यांना बांधता येतो. अर्धवट फोडलेल्या खोक्यातली सुटी पाकिटं विकायला आली, तर आधी फोडलेल्या पाकिटांत काय निघालं ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

तिसरी पायरी: पाकीट खरोखर बंद आहे का?

मेणकागदाची घडी गरम करून अलगद उघडता येते, आतलं चांगलं कार्ड काढून साधं ठेवता येतं आणि पुन्हा गरम करून चिकटवता येतं. १९८६ च्या फ्लीअरसारख्या महागड्या पाकिटांच्या बाबतीत हा उद्योग सर्रास झालाय.

कॅमेऱ्यातून पूर्ण परीक्षा शक्य नाही, तरी काही गोष्टी दिसतात. मागच्या घडीवर एकाच रेषेऐवजी दोन समांतर सुरकुत्या असतील, मेण एका जागी जास्त चकाकत असेल किंवा घडीच्या बाहेर पसरलं असेल, कडा ताणून बसवल्यासारख्या दिसत असतील, तर थांबा. पाकीट फुटल्यावरही पुरावा मिळतो. इतक्या वर्षांत गमचा डाग शेजारच्या कार्डावर पडलेला असतोच. गमची पट्टी एकीकडे आणि डाग भलतीकडे असेल तर कुणीतरी कार्डं हलवली आहेत.

यावर उपाय म्हणून पाकिटांचीही तपासणी होते. पीएसए ही १९९१ मध्ये सुरू झालेली ग्रेडिंग कंपनी सुटी कार्डं तपासते तशीच बंद पाकिटंही तपासून कडक प्लॅस्टिकच्या आवरणात बंद करते. अख्ख्या खोक्यांसाठी इंडियाना राज्यातल्या बेसबॉल कार्ड एक्स्चेंज या फर्मचं पारदर्शक वेष्टन बाजारात मानलं जातं. जाहिरातीत ‘बीबीसीई’ लिहिलेलं असतं ते हेच. महाग ब्रेकमध्ये यांपैकी काहीतरी असावंच आणि ते आवरण तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं जावं. कार्यक्रम सुरू होण्याआधीच आवरणातून काढून ठेवलेलं पाकीट म्हणजे न तपासलेलंच पाकीट.

तपासणीवरही डोळे मिटून विसंबू नका. पोकेमॉन कार्डांची एक ‘बंद’ पेटी यूट्यूबर लोगन पॉल यांनी ३५ लाख डॉलरला घेतली होती. तिची तपासणी झालेली होती. जानेवारी २०२२ मध्ये उघडल्यावर आत जी. आय. जो या खेळण्यांची कार्डं निघाली. ती क्रीडा कार्डं नव्हती, पण धडा तोच.

एक नवी भानगड सीटी स्कॅनची. पाकीट न उघडता आतलं कार्ड ओळखण्याचं हे तंत्र २०२४ मध्ये चर्चेत आलं. मेणकागदाच्या स्वस्त पाकिटासाठी कुणी एवढा खर्च करणार नाही. हजारो डॉलरच्या पाकिटाचं मात्र सांगता येत नाही. म्हणून पाकीट कुठून आलं, किती वर्षं कुणाकडे होतं, ही वंशावळ विचारायची सवय लावून घ्या.

चौथी पायरी: ब्रेकचा प्रकार निवडा

नव्या माणसाला माझा सल्ला सरळ आहे: अख्खं पाकीट घ्या, मग ते स्वस्तातलं का असेना. याला पर्सनल ब्रेक म्हणतात. पाकीट तुमचं, आत निघेल ते सगळं तुमचं, ब्रेकर फक्त फोडतो. त्यात वाद निघायला जागाच नसते.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या सुरुवातीला कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की त्या काळाला ‘जंक वॅक्स’ असं नाव पडलं. ती पाकिटं आजही थोडक्या पैशांत मिळतात. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीची टॉप्स १९८७ घ्या किंवा थोडे जास्त पैसे घालून अपर डेक १९८९ घ्या, ज्यात केन ग्रिफी ज्युनियरचं रूकी कार्ड पहिल्याच क्रमांकावर आहे. ब्रेकर कसा बोलतो, कार्डं कशी हाताळतो, टपाल कधी धाडतो, हे सगळं कमी पैशांत कळतं. सुरुवात इथून करा.

दुसरा प्रकार खोक्यातल्या एकेका पाकिटाचा. ३६ पाकिटं, ३६ जण, कुणाला कोणतं ते नावांची यादी फिरवून, म्हणजे तिचा क्रम उलटसुलट करून, ठरतं. हाही बरा.

तिसरा म्हणजे सुरुवातीला सांगितलेला, एका पाकिटातल्या एकेका कार्डाचा. महागडी पाकिटं बहुधा अशीच फोडली जातात. इथे बारा जणांत एखाद्यालाच काही खास मिळतं. बाकीचे साधं कार्ड घेऊन घरी.

संघानुसार वाटे पाडलेले ब्रेक (ज्यानं जो संघ घेतला त्या संघाची कार्डं त्याची) नव्या कार्डांसाठी ठीक आहेत. जुन्यांत मात्र एकेका कार्डावर अनेक खेळाडू असतात. पीट रोझचं १९६३ चं रूकी कार्ड घ्या. त्यावर चार चेहरे, चार संघांचे. टॉप्सच्या १९८०-८१ च्या बास्केटबॉल कार्डावर लॅरी बर्ड, ज्युलियस अर्व्हिंग आणि मॅजिक जॉन्सन एकत्र. सेल्टिक्स, सेव्हन्टीसिक्सर्स आणि लेकर्स असे तीन दावेदार. असं कार्ड कुणाचं हे नियमात आधी लिहिलेलं नसेल तर त्या ब्रेकमध्ये जाऊ नका.

आणि ‘फिलर’ टाळा. मोठ्या ब्रेकचे उरलेले स्पॉट भरण्यासाठी काही जण छोटी सोडत काढतात: थोडे डॉलर भरा, नाव निघालं तर मोठा स्पॉट तुमचा, नाही निघालं तर काहीच नाही. अमेरिकी कायद्यात पैसे देणं, नशीब आणि बक्षीस हे तिन्ही एकत्र आले की ती लॉटरी ठरते. साध्या ब्रेकमध्ये प्रत्येकाला निदान एक कार्ड मिळतं, म्हणून ती विक्री आहे असं ब्रेकर मांडतात. फिलरला ती पळवाटही नाही. शिवाय पाच-दहा डॉलर करत करत रात्रीत किती गेले याचा पत्ता लागत नाही. आपला हात थांबत नाही असं जाणवलं, तर तो दिवस ब्रेक सोडण्याचा.

पाचवी पायरी: ब्रेकर पारखा, नियम वाचा

त्याचे जुने व्हिडिओ बघा, आणि ज्यात मोठं कार्ड निघालं ते नकोत, साधे, कंटाळवाणे बघा. पाकीट हातात घेतल्यापासून शेवटचं कार्ड खाली ठेवेपर्यंत दोन्ही हात चौकटीत असतात का? चित्र मधेच तुटतं का? एखादं कार्ड वाकलं, कुणी तक्रार केली, तर तो उत्तर देतो की विषय बदलतो? जुनं पाकीट फोडणं कौशल्याचं काम आहे आणि घाईघाईत ओरडत फोडणाऱ्याच्या हाती पन्नास वर्षांपूर्वीचा ठेवा द्यावा असं मला वाटत नाही.

नियमांत काय असावं? सगळे स्पॉट विकले गेले नाहीत तर पैसे परत की ब्रेकर स्वतः उरलेले घेणार, हे सगळ्यात आधी. जॉर्डनच्या संचात प्रत्येक पाकिटात बारा कार्डांखेरीज एक स्टिकर असतो आणि जॉर्डनचाही स्टिकर आहे. त्याचा तेरावा स्पॉट धरलाय की तो कुणाला बोनस म्हणून जाणार? रिकामं वेष्टन कुणाचं? (वेष्टनं गोळा करणारे लोक आहेत, त्यांना किंमत येते.) पाकिटात छापील संख्येपेक्षा एक कार्ड कमी किंवा जास्त निघालं तर? टपालखर्च कोणाचा, साधी कार्डं पाठवणार की फक्त चांगली, अमेरिकेबाहेर पाठवणार का? एकाही प्रश्नाला ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं, तर तिथेच नाद सोडा.

पैसे देताना प्लॅटफॉर्मच्या आतच द्या. पेपाल वापरत असाल तर ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ हाच पर्याय निवडा. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’नं पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण मिळत नाही, चार पैसे वाचतील म्हणून ब्रेकर तसं सुचवत असेल तर ती बचत त्याची आहे, जोखीम तुमची.

सहावी पायरी: प्रत्यक्ष ब्रेकच्या वेळी

शक्यतो थेट बघा आणि जमत असेल तर स्क्रीन रेकॉर्ड करा.

आधी नावांची यादी येते. ती पडद्यावर पूर्ण दिसायला हवी, तुमचं नाव घेतलेल्या स्पॉटांइतक्या वेळा असायला हवं. मग यादी फिरवली जाते. बहुतेक जण रँडम डॉट ऑर्ग वापरतात. ही सेवा वातावरणातल्या रेडिओ गोंगाटावरून यदृच्छ आकडे काढते आणि निकालाखाली वेळ छापते. रीत अशी: आधी दोन फासे टाकायचे, जेवढे पडतील तेवढ्या वेळा यादी फिरवायची आणि शेवटची यादी अंतिम. फासे आधी, फिरवणं नंतर, हा क्रम महत्त्वाचा. किती वेळा फिरवायचं ते आधी ठरलेलं नसेल, तर सोयीची यादी येईपर्यंत फिरवत बसता येतं. कोणत्या क्रमानं कार्डं मोजणार, पुढून की मागून, हेही पाकीट फोडण्याआधी मोठ्यानं सांगितलं गेलं पाहिजे.

आणि मग पाकीट. हाडाचा ब्रेकर ते आधी सहाही बाजूंनी कॅमेऱ्याजवळ धरतो, मागची घडी दाखवतो. अंगठ्याच्या नखानं किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं एक टोक उचलतो. जुनं मेण बारीक कडकड करत सुटतं आणि टेबलावर पांढरा चुरा पडतो. वेष्टन फाडत नाही, उलगडतो. गम बहुधा तुकड्यांत असतो, काचेसारखा ठिसूळ, वर पिठासारखी पावडर. (तो खाऊ नका. कॅमेऱ्यासमोर खाऊन दाखवणारे आहेत, त्यांचं बघून तर मुळीच नको.) गम कार्डाला चिकटलेला असेल तर जाणकार माणूस तो ओढत नाही, बाकीची कार्डं सावकाश बाजूला घेतो आणि ते तसंच ठेवतो. मग कार्डं कडांना धरून, एकावर एक न घासता, एकेक उचलून क्रमांकासह नाव वाचतो आणि लगेच मऊ प्लॅस्टिकच्या पेनी स्लीव्हमध्ये सरकवतो. घडीला टेकलेल्या कार्डाच्या पाठीवर मेणाचा डाग असतो आणि गमशेजारच्या कार्डावर तपकिरी छटा. हे दोष त्या पाकिटातच होते. ब्रेकरवर राग काढायचं कारण नाही.

हात चौकटीबाहेर गेले, चित्र गोठलं, फोन आला म्हणून पाकीट खाली ठेवलं गेलं, तर चॅटमध्ये तिथल्या तिथे लिहा. संकोच करू नका. वेळ, तक्रार, दोन ओळी.

सातवी पायरी: कार्ड निघाल्यावर

पाकिटातून आत्ताच निघालं म्हणजे दहापैकी दहा, हा गोड गैरसमज आहे. कार्ड कापताना चित्र मधोमध आलं की एका बाजूला सरकलं, हे कारखान्यातच ठरलं. १९७१ च्या टॉप्सच्या काळ्या चौकटीचा रंग कडेला सहज उडतो. ओ-पी-चीच्या कडा तारेनं कापल्यासारख्या खडबडीत असतात. ग्रेट्झ्कीच्या कार्डाबाबत तर फारच गुळगुळीत कडा दिसल्या की कापून नीट केलंय का असा संशय घ्यायचा. मेणाचा किंवा गमचा डाग असेल तर पीएसए ग्रेडपुढे ‘एसटी’ आणि चित्र मधोमध नसून एका बाजूला सरकलेलं असेल तर ‘ओसी’ अशी खूण लावते. अशा खुणेनं किंमत बरीच उतरते.

चांगलं कार्ड निघालं की ब्रेकर बहुधा विचारतो, थेट ग्रेडिंगला पाठवू का? सोय आहे. फक्त शुल्क किती ते आधी विचारा, कारण पीएसएचं शुल्क कार्डाच्या किमतीनुसार वाढतं आणि ग्रेड आल्यावर वरचा फरक तुमच्याकडूनच वसूल होतो. कार्ड किती दिवस त्यांच्याकडे राहणार, हरवलं तर विमा कोणाचा, हे लेखी घ्या. स्वतः पाठवणार असाल तर कार्ड स्लीव्हमध्ये घालून कार्ड सेव्हर नावाच्या लवचीक धारकात ठेवा. पीएसए तेच मागते. घरी ठेवायला टॉप लोडर हा कडक प्लॅस्टिकचा धारक चालतो.

ब्रेकरकडे आणखी काही घेणार असाल तर सगळं एकत्र पाठवायला सांगा. अमेरिकेबाहेरच्यांना तर त्यानं टपालाचा बराच खर्च वाचतो, पण पार्सलवर खरी किंमत लिहिली जाणार हे धरून आयातशुल्काचा हिशेब आधीच करून ठेवा. कमी किंमत लिहायला सांगू नका. पार्सल गहाळ झालं तर भरपाई तेवढीच मिळते. साधी कार्डंही हवी असतील तर तसं स्पष्ट कळवा, नाहीतर बरेच ब्रेकर ती पाठवतच नाहीत.

पार्सल आलं की उघडताना व्हिडिओ काढा आणि ब्रेकचं रेकॉर्डिंग शेजारी लावून एकेक कार्ड ताडून बघा. क्रमांक तोच आहे ना, कोपऱ्यावरचा तो बारका डाग तिथेच आहे ना? फरक आढळला तर फोटो आणि व्हिडिओतली नेमकी वेळ जोडून आधी ब्रेकरला आणि दोन-तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर प्लॅटफॉर्मला लिहा. पेपालवर वाद नोंदवायला पैसे दिल्यापासून १८० दिवस मिळतात. मात्र ब्रेक भरायला, टपाल यायला वेळ जातो आणि ही मुदत स्पॉट घेतलेल्या दिवसापासूनच मोजली जाते, म्हणून पैसे दिल्याची तारीख लिहून ठेवा.